चांदीचा गोट आणि मॅडमचा लेसर

४ मार्च
आजही तेच. प्रज्ञा जेवायला बसली, पहिला घास घेतला अन् मॅडमचा फोन. वरण थंड झालं, पोरगी व्हरांड्यात फेऱ्या मारून राहिली. लेसर, लेसर, लेसर. घरात माझ्याशी चार शब्द बोलायला तिला कंटाळा, त्या बाईशी तासभर. पीएच.डी.ची गाईड आहे म्हणे. पोराची रेल्वेतली बदली झाली इटारसीला, तेव्हा ही पोरगी पाळण्यात होती, माझ्याजवळच ठेवली. ढुंगण धुतलं मी, गाईड ती.

७ मार्च
चहात साखर नको म्हणते आता. काहून? तर मॅडम घेत नाही.
प्र.च्या हातात गोट दिसला नाही. माझ्या चांदीच्या गोटांची जोडी, एम.एस्सी. झाली तेव्हा एक तिला दिला, एक माझ्या हातात. विचारलं. म्हणे, लॅबमध्ये चालत नाही, मॅडमचा नियम आहे.
समजली मी. चांदीची जुनी वस्तू, बाईला आमची लाज वाटत असंल. शेजारच्या शकुनला सांगून आली. ती म्हणाली, बड़े लोगों का ऐसाच है.

१० मार्च
भांडण मीच काढलं. मग प्र.नं बसून सांगितलं. उंदराच्या मेंदूत खोलवर पाहायचं, मेंदू न कापता. त्यासाठी लेसर घ्यायचा. दोन पाहून ठेवले आहेत, कोणता घ्यावा ते प्र.नं लिहून द्यायचं, मॅडम त्याच्यावर सही करणार.
छोट्याचा उजेड एकाच रंगाचा, बदलता येत नाही. बटण दाबलं की चालू, इथल्याच खोलीत राहील. भराभर बारीक ठोके मारते म्हणे उजेडाचे. मोठा थांबून थांबून मारते पण जोरात, लहर लांब, म्हणून जास्त खोल जाते. पण नखरे फार. खोली जराही गरम-थंड झाली की बिघडते. मे महिन्यात इथं माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, तो काय राहील. मोठा घेतला तर पुण्याला ठेवणार. मॅडम तर कायमची पुण्याला जाणारच आहे, नवरा तिकडं आहे तिचा.
"अन् तो चालवायला कोण जाईल?"
पोळीचे तुकडे करत बसली.
म्हणजे छोटा आला तर पोरगी इथंच, आमच्या कांचघर मोहल्ल्यात. मोठा आला तर तीन-चार वर्षं मॅडमच्या मागं. छोटाच घे, म्हटलं. उंदराला काय फरक पडते.

१४ मार्च
कंपनीवाला लॅबमध्ये छोटा लेसर दाखवायला घेऊन आला होता. प्र. म्हणाली, चल आजी, बघ तरी. लेसर नाही, बाईला पाहायला गेली मी. इस्त्रीची साडी नेसली.
बारकीशी आहे. केस पांढरे, रंगवत नाही. मी रंगवते. तिथंच डोकं फिरलं.
दारात स्टीलची वाटी. त्यात घड्याळं, प्र.चा गोट, अन् एक मंगळसूत्र. मॅडमचं. प्र. म्हणाली, हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. चमकत्या वस्तूवर पडला की कुठं उडंल अन् कोणाचा डोळा घेईल, पत्ता लागत नाही. "नियम आहे म्हटलं होतं ना तुला."
आता शकुनला काय सांगू.
माझा गोट निघेना. प्र. लागली कंपनीवाल्याच्या मागं. मॅडमनं मला बेसिनपाशी नेलं, साबण लावला, हात धरून हळूहळू फिरवत काढला. "अम्माजी, दर्द हो तो बोलना." नाही बोलली. प्र.चे आजोबा गेले तेव्हा जावा मागं लागल्या होत्या, काढ काढ म्हणून. तेव्हा नाही काढला. हिच्या लेसरसाठी काढला.
मग काळा पडदा, जाड चष्मा. टीव्हीवर उंदराच्या मेंदूतले हिरवे धागे, छान दिसत होते. खाली खाली गेलं तसं सगळं धुकं. नंतर मॅडमनं पुण्याच्या मोठ्या लेसरचा फोटो दाखवला. धुकं होतं त्याच्याही खाली धागे मोजून घ्यावे असे.
प्र. त्या फोटोकडं पाहत होती. माझ्याकडं कधी तशी पाहिली नाही.

१५ मार्च
मनगट सुजलं. गोट चढत नाही. प्र.नं तिचा काल घरी येताच चढवला, चट्कन.

१९ मार्च
दुपारी मॅडम घरी आली. प्र. लॅबमध्ये. चहात दोन चमचे साखर टाकून दिली मुद्दाम. पूर्ण प्यायली, तोंड वाकडं केलं नाही.
म्हणाली, प्रज्ञानं छोटा लिहून दिला. कारण लिहिलं, सांभाळायला सोपा. खोटं नाही, पण लॅबमध्ये प्रत्येक वेळी ती मोठ्याचंच बोलते. कागद परत दिला आहे, परवापर्यंत पक्कं करायचं. मग कपाकडं पाहत म्हणाली, "अम्माजी, वो आपको छोड़ नहीं पा रही है."
माझ्या नातीच्या मनातलं मला ही सांगणार.
वरून म्हणे, आप भी पुणे चलिए, हमारे यहाँ कमरा खाली है. म्हणजे पोरगी तिची, अन् मी पाहुणी. मी म्हटलं, माझं इथं घर आहे जी.
गेली. रिक्षापर्यंत सोडायला नाही गेली मी.
जिंकली तर मीच. छोटा लिहिला पोरीनं, माझ्यासाठी लिहिला. शकुनला सांगावं म्हणून दारापर्यंत गेली अन् परत आली.

२० मार्च
सकाळी प्र.ला म्हटलं, मोठा लिही.
"काहून? मॅडम काही बोलली?"
"ती काय बोलणार. उद्या पुण्यात बसून चार लोकांत म्हणंल, पोरगी हुशार होती, आजीनं अडवली. तिच्या तोंडून ते ऐकायचं नाही मला."
हसली. मग हसू गेलं.
"अन् तू, आजी?"
"मला काय झालं. सूज उतरली की गोट घालीन."
लॅपटॉप घेऊन बसली. गोट काढून बाजूला ठेवला, टाइप करताना टेबलावर वाजते म्हणून. मी स्वयंपाकघरातून पाहत होती, तिच्या बोटांवरून काही समजत नाही. थांबली. खोडलं. पुन्हा लिहिलं. मॅडमचा फोन वाजला, उचलला नाही.
चहा मागितला. साखर टाकू का, विचारलं.
"टाक."
टाकली. कोणता लिहिला ते नाही विचारलं.