झेलायला आलेले हात

सातारा, १२ जानेवारी १९४७

तात्या,

तीर्थरूप लिहायला हात धजत नाही, सख्खा थोरला भाऊ असलास तरी. हे पत्र टपालातही टाकणार नाही. वाचलंस तर इस्लामपुराहून उठून माझ्या दारात येशील.

दिवाळीला माहेरी आले तेव्हाच तुझ्याकडे शिकायला ठेवलेल्या माझ्या गोपूचे सोललेले तळवे पाहिले होते. तुझ्या तालमीत पोरं मल्लखांबावर चढायची आणि खाली तू वेत घेऊन उभा. पाऊल जरा वाकडं पडलं की सपकन तळव्यावर! मी रडले तर म्हणालास, "अनू, भाचा आहे माझा. साताऱ्याच्या निवडीत आला की पुण्याला प्रांताच्या सामन्यांत उतरेल. गप्प बस."

काल निवडीत खांबाच्या टोकावर त्याचा तोल गेला. जन्मात पहिल्यांदा तू त्याला झेलायला दोन्ही हात वर केलेस. ते हात पाहून पोरानं अंग झटकलं आणि उलट्या बाजूला फरशीवर आदळला. कोपराचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. आणि तू परीक्षकांना सांगत होतास, "भित्रं कार्टं. पुढच्या साली निवडून आणतो."

तुझ्या कमरेचा वेत उपसून मी तुझ्या तोंडावर ओढला, त्याचं मला वाईट वाटत नाही. दोन फटक्यांत तो मोडला, याचं वाटतं.

आज दुपारी ताप बघायला मी गोपूच्या कपाळाकडे हात नेला. माझा हात, तात्या. त्यानं कामट्या बांधलेला हात उचलून तोंड झाकलं.

परवापर्यंत तुझी धाकटी बहीण,
अनसूया