पुसलेली दोनशे बारा माणसं

पॉन्से, ३ फेब्रुवारी

चि. रामिरो यास,
अ. उ. आ. हे आशीर्वाद सवयीचे आहेत, मनातले समजू नकोस.

फोनवर शिव्याच दिल्या असत्या, म्हणून कागद घेतला. जानेवारीत तीन राजांच्या सणाला आलास, केळीच्या पानातले पास्तेलेस चापलेस, माझा कॉम्प्युटर मरायला टेकलाय म्हणून नवा मांडून दिलास. वंशावळ बॅकअपवरून जशीच्या तशी भरली, असंही म्हणालास. आज उघडली. २०१९नंतरचं काही नाही! सहा वर्षं चर्चच्या वह्या नि दफ्तरखान्यातली धूळ खाऊन जमवलेली दोनशे बारा माणसं गेली. पणजी सातुर्निनाच्या आईबापांच्या जागी पुन्हा 'माहीत नाही'. काय केलंस ते उलट टपाली कळव.

तुझी ताई,
ग्रिसेल

सान हुआन, १० फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न.

तुझी डिस्क खराब झाली होती. हाताशी होता तो बॅकअप भरला. तोही नसता तर काय केलं असतंस? मेलेल्या माणसांसाठी जिवंत भावावर इतकं तोंड सोडू नये. इथे लेकीच्या, आर्लीनच्या, लग्नाची गडबड आहे. तिच्या सासरच्यांना घराण्याचा वृक्ष हवा होता, तो छापूनही झाला. सगळ्यांना आवडला. तब्येत सांभाळ, राग आवर.

तुझा,
रामिरो

पॉन्से, १७ फेब्रुवारी

रामिरो,

आज आशीर्वाद नाही.

जुना कॉम्प्युटर कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, डिस्क ठणठणीत आहे, सात जानेवारीला कुणीतरी मुद्दाम कोरी केली आहे. त्या दिवशी मी प्रार्थनेला गेले होते. घरात तू एकटा होतास.

छापलेल्या वृक्षाचा फोटो आर्लीनने पाठवला. वर डॉन एव्हारिस्तो, टोपी घातलेला. त्याच्या खाली थेट आपली आजी. मधली सातुर्निना नाहीच. १८७२च्या गुलामांच्या यादीत ती सहा वर्षांची आहे. आई तोमासा, तीही गुलाम. मालक एव्हारिस्तो, आणि बापही तोच. हे तुला मी स्वयंपाकघरात वाचून दाखवलं, तेव्हा तू ताट सरकवून उठलास. तेव्हाच ओळखायला हवं होतं. मालक ठेवलास आणि मुलगी पुसलीस?

ग्रिसेल

सान हुआन, २४ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न.

मीच केलं. विहीणबाई जेवताना आपल्या स्पॅनिश पूर्वजांबद्दल बोलत होत्या. मीही एव्हारिस्तोचं नाव सांगून बसलो. पुढे खरं सांगायला जीभ रेटेना.

पण पुसण्याआधी तुझी पूर्ण फाइल मी एका पेनड्राइव्हवर घेतली होती. फेकायला दोनदा बाहेर पडलो आणि परत आलो. सोबत पाठवतो आहे. उघडताना बॅकअपमधून नवीन नावाने उघड, चालू फाइलवर टाकू नकोस. आर्लीनला मी सांगेन, तू सांगू नकोस. हात जोडतो.

तुझा अपराधी,
रामिरो

पॉन्से, ८ मार्च

चि. रामिरो यास,
अ. उ. आ.

फाइल उघडली. एकेक नाव मोजलं, दोनशे बाराही आहेत. आता तीन प्रती केल्या: एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक चर्चच्या फादरकडे, एक आर्लीनकडे. हो, तिला पाठवली. हात जोडलेस, तरी पाठवली. तुझ्या सवडीची वाट सातुर्निनाने का पाहावी?

पोरीने रात्रभर वाचलं आणि सकाळी इथे आली. रडली, मग चिडली, तुझ्यावर माझ्याहून जास्त. वृक्ष नव्याने छापायला टाकलाय, पहिला विहीणबाईंच्या भिंतीवरून उतरवून आणायला ती स्वतः गेली. विहीणबाई म्हणाल्या म्हणे, "आमच्याकडेही अशी एक बाई आहे, तिचं नाव कुणी घेत नाही." तू ज्यांना घाबरलास त्या या.

लग्नाच्या जेवणाआधी आर्लीन तोमासा आणि सातुर्निना ही दोन्ही नावं मोठ्याने वाचणार आहे. तेव्हा तू उभा राहा. तोंड खाली घालू नकोस, पाणी पिण्याचं निमित्त करू नकोस. माझा राग अजून आहे, तो तुझ्या माफीने जायचा नाही. उभा राहिलास तर पुढचं बघू.

अजून तुझीच ताई,
ग्रिसेल