जावळाआधी

देवगाव रंगारी, माघ महिना, १९९१

डॉक्टरीणबाईंना म्हाळसाबाईचा नमस्कार.

तीन वर्षांमागं औरंगाबादला तुमच्याकडं माझा नातू आणला होता. रडला की त्याच्या जांघेत गाठ यायची. आतडं उतरतंय, ह्याच पंधरवड्यात ऑपरेशन करा, मोठा व्हायची वाट बघू नका, असं तुम्ही मला बजावलं. सून बाहेर बसली होती. तिला मी सांगितलं, वर्षाचा होऊ द्या म्हणल्या. आमच्यात खंडोबाला जावळ दिल्याबिगर लेकराला लोखंड लावत नाहीत.

चौथ्या महिन्यात गाठ दगडासारखी झाली, आत गेलीच नाय. हिरवं ओकून लेकरू गेलं. पुरताना कुणी बघत नसताना मी त्याच्या उजव्या कानामागं काजळाचा ठिपका लावला. परत आला तर वळखावा म्हणून.

आता सुनेला दुसरा झालाय, दीड महिन्याचा. काल त्याच जागी गाठ दिसली. मी ती दाबून आत सारली, तर तो रडायचा थांबला अन् माझ्याकडं बघत राहिला.

आज देवाला न विचारता मीच वस्तरा घेऊन त्याचं जावळ काढलं. उजव्या कानामागं काळा ठिपका निघाला. पदर ओला करून लई पुसला.

सून म्हणली, "आत्याबाई, काय पुसताय?"

"काजळ."

"ह्याला आजून काजळ लावलंच नाय."

उद्या पहिल्या एष्टीनं त्याला घेऊन येते. हे पत्र मात्र देणार नाय, सून सोबत राहील.

दोघांची, का एकाचीच, आजी
म्हाळसाबाई