साहेबांचं पाणी

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आप्पांचा खोकला हटला हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना माझा नमस्कार सांग. घ्यायचा की परत पाठवायचा ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

आठ जणांच्या खोलीतून सुटलो. आता एकट्याची खोली आहे, खिडकीसकट. घरमालकीणबाई म्हातारी आहे, नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, दोन महिने इस्पितळातच राहणार. खोली दिली ती एका अटीवर, की नवऱ्याच्या मागे राहिलेला मासा मी सांभाळायचा. फुगा मासा म्हणतात त्याला. आकार लहान वांग्याएवढा, पाठ हिरवी-पिवळी, वर काळे ठिपके, पोट पांढरंशुभ्र. डोळे दोन दिशांना फिरतात. एक माझ्यावर, एक खाऊच्या डब्यावर. घाबरला की पाणी गिळून चेंडू होतो म्हणे. बाईने ठेवलेलं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी त्याला साहेब म्हणतो. बघतोच तसा, चूक काढायला आल्यासारखा.

बाईने नवऱ्याने लिहिलेली वही दिली आहे, सगळं त्यात आहे म्हणाली. पण पाण्याचं मला कोण शिकवणार? बाटल्या भरायच्या कारखान्यात मी दिवसभर तेच करतो. आमच्याकडे पेनासारखं एक मीटर असतं, पाण्यात बुडवलं की त्यात किती क्षार आहेत तो आकडा दिसतो. आकडा जेवढा खाली तेवढं पाणी चांगलं. साहेबांच्या टाकीत बुडवलं तर आकडा मीटरच्या पार बाहेर. म्हातारा एवढी वर्षं त्याला कसल्या पाण्यात ठेवत होता कोण जाणे. मी मुकादमाला विचारून रोज दोन कॅन आमचं शुद्ध पाणी आणतो. दहा दिवसांत आकडा साठावर आणला. टाकीच्या गाळणीचा स्पंज काळा पडला होता, तोही उकळत्या पाण्यातून काढला. टाकी आता आरशासारखी आहे.

फक्त परवापासून त्याचं पोट जरा करडं दिसतंय. उजेडामुळे असेल.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा
भिंगरी

ता. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

एकट्याची खोली मिळाली, छान झालं. आता उशीच्या अभ्र्याच्या दोन्ही बाजू सारख्या मळू देऊ नकोस.

पोट करडं झालं ते उजेडाने नाही. आमच्या लहान मुलांच्या वॉर्डात रोज बघते मी. ज्याला बोलता येत नाही तो रंगाने सांगतो, श्वासाने सांगतो, कुठे आणि कसा पडून राहतो त्यावरून सांगतो. माशांतलं मला शून्य कळतं, पण आजाऱ्याची माहिती कशी घ्यायची ते कळतं. तेव्हा लिहून काढ. खातो का, किती? मिनिटाला कल्ले किती वेळा हलतात? शेपूट उघडी की मिटलेली? आणि तू आल्यापासून त्याचं काय काय बदललं? मुलाला घेऊन आलेल्या आयांना डॉक्टरीणबाई हे शेवटचं तीनदा विचारतात, कारण पहिल्या दोन वेळा सगळ्याजणी काही नाही म्हणतात.

फोन कर म्हणून सांगणार होते, पण तुमच्या मुकादमाचं माहीत आहे. घरचं कोणी वारल्याशिवाय तो फोनला हात लावू देत नाही.

आप्पांनी पत्र वाचलं. माझ्यासमोर नाही. चष्मा टेबलावरून हलला होता, त्यावरून कळलं. बाइंडिंगची कामं आता थोडीच येतात, पण दुकानात बसतात. जेवताना एवढंच म्हणाले, की छापखान्यात चार महिने टिकला, गॅरेजात दोन, आता माशापासून पळायचं तेवढं बाकी आहे. तू त्यांच्यावर चिडू नकोस. छापखान्यात यंत्राचा पट्टा तुटला होता तेव्हा तू पळून न जाता थांबून सांगितलं असतंस, तर ते स्वतः मालकाशी बोलले असते. अजून म्हणतात.

वाट बघते आहे.
तुझी
ताई

ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साहेबांचं काही खरं नाही.

तू विचारलंस तसं लिहितो. खाणं चार दिवस बंद. कल्ले मिनिटाला एकशेवीस. शेपूट मिटून एका बाजूला वळलेली. पोट आत गेलंय आणि काळं पडलंय, पेन्सिलीने घासल्यासारखं. मागच्या पानावर रोजचं एक चित्र काढलंय, पोट जेवढं काळं तेवढं घासलंय. पहिलं आणि शेवटचं बघ. काचेपाशी येत नाही. कोपऱ्यात गाळणीच्या मागे तोंड करून असतो. आधी खाऊ उशिरा टाकला तर माझ्या तोंडावर पाण्याची पिचकारी मारायचा. आता मारली असती तर मी पाया पडलो असतो त्याच्या.

काय बदललं विचारतेस. काहीच नाही. जे केलं ते सगळं सुधारण्यासाठीच केलं. कोळंबीसुद्धा सोलून देत होतो, बिचाऱ्याला त्रास नको म्हणून. दुकानातून एक निळं औषध आणलंय, दुकानदाराने बाटलीवर बोट ठेवून मान डोलावली म्हणून. उद्या ओतणार आहे.

आता जे सांगतो ते आप्पांना दाखवू नकोस. ती वही मला वाचता येत नाही. बाईने जाताना विचारलं होतं, वाचता येतं ना, आणि मी मान हलवली. इथली भाषा मी बोलतो, पण अक्षर एक ओळखत नाही. हो म्हटलं नसतं तर खोली मिळाली नसती. वहीत काहीतरी असणार, पण माझ्यासाठी ती मुंग्यांची रांग आहे. आकडे तेवढे आपल्या शाळेतल्या इंग्रजी आकड्यांसारखेच आहेत. प्रत्येक पानावर तारखेखाली तोच एक आकडा आहे, एक, मग टिंब, मग दोन शून्यं आणि आठ. तो काय आहे कुणाला विचारता आलं तर विचार.

बाई शेजारणीकडून रोज निरोप पाठवते, तो कसा आहे. मी सांगतो, मजेत.

पिशवी भरून ठेवली आहे. किनाऱ्याच्या एका गावात बोटी रंगवायचं काम आहे, कुणी काही विचारत नाही म्हणे.

रागावू नकोस.
भिंगरी

ता. २० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. आज ड्यूटी बदलून घेतली आणि तुझी चित्रं घेऊन माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात गेले. दुकानदार आधी हसला, मग तो आकडा बघितल्यावर हसायचा थांबला. म्हणाला, हा पाण्याच्या खारेपणाचा आकडा आहे. ठिपक्यांचा हा मासा खाडीच्या तोंडाचा, जिथे गोडं आणि खारं पाणी मिसळतं तिथला. त्याला गोड्या पाण्यात ठेवलं की असाच झिजतो. तू दहा दिवस लावून त्याच्या अंगाखालून मीठ काढून घेतलंस, बाळा. आणि स्पंज उकळलास तेव्हा पाणी साफ ठेवणारे जिवाणूही गेले.

आता हे दोनदा वाच. निळं औषध ओतू नकोस. या माशाला खवले नसतात, असली औषधं त्याला जाळतात. मीठ एकदम घालू नकोस. रोज चौथा भाग पाणी बदलायचं आणि खारेपणा मुंगीच्या पावलाने चढवायचा. आणि त्याला पाण्याबाहेर उचलू नकोस. हवा गिळून फुगला तर ती बाहेर टाकता येत नाही.

हे लिहिते आहे आणि मला कळतंय, की हे पोचेपर्यंत पाच-सहा दिवस जातील. मी मुलांच्या खाटेशी उभी असते तेव्हा हात पुढे करता येतो. इथून नाही करता येत. म्हणून एकच सांगते. ती वही वाचू शकणारी बाई तुझ्या खोलीपासून चालत किती लांब आहे? मी किती लांब आहे? मग तू मला काय विचारतोस?

तुझं गुपित मी ठेवलं. पत्र मात्र उशाखाली ठेवलं होतं ते सकाळी वेगळ्या घडीचं होतं. वह्यांच्या माणसाच्या घरात कागद लपत नाही.

मासा मेला तरी चालेल, पण तू तिथे असताना मरू दे. एवढं ऐक.
ताई

ता. १ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा आलं. तोवर जे व्हायचं ते झालं होतं. सुरुवातीपासून सांगतो.

पंधरा तारखेला दुपारी पिशवी खांद्याला लावली. किल्ली शेजारणीच्या पायपुसण्याखाली ठेवायची असं ठरवलेलं. निळी बाटली ओतून निघणार होतो, म्हणजे निदान काहीतरी केल्यासारखं. सवयीने आधी मीटर बुडवलं. बेचाळीस. ताई, आमच्या कारखान्यातून एवढं सुंदर पाणी आजवर गेलं नसेल. आणि त्यात तो पडलेला. तेव्हा डोक्यात आलं, की म्हाताऱ्याने याला वर्षानुवर्षं त्या घाण पाण्यात जगवला आणि मी या पाण्यात तीन आठवड्यांत मारायला घेतला. दोघांपैकी एकजण वेडा होता आणि म्हातारा तर नव्हता.

बाटली तशीच ठेवली. पिशवी खांद्यावर, वही हातात, तसाच इस्पितळात गेलो. पिशवी खाली ठेवायचं भानच नव्हतं. बाई पाय लांब करून बसली होती. मी सांगितलं, मासा मरायला टेकलाय, माझ्यामुळे, आणि मला ही वही वाचता येत नाही, कधीच येत नव्हती. तिने आधी पिशवीकडे बघितलं. मग म्हणाली, बस. खूप रागावली. मला खोटारडा म्हणाली, मग रोज मजेत म्हणून सांगणाऱ्या शेजारणीलाही म्हणाली, तिचा बिचारीचा काय दोष. मग चष्मा मागितला.

वही तिनेही दोन वर्षांत उघडली नव्हती. पहिलं पान तिने आधी मनाशी वाचलं, मग मोठ्याने. सगळं होतं त्यात. टाकीखालचा पांढऱ्या मिठाचा डबा, जो मी बाल्कनीत टाकून दिला होता. आमच्याकडे तसलं मीठ यंत्रं धुवायला असतं, मला वाटलं बाईचं धुण्याचं असेल. खणातली काचेची नळी, जी मी थर्मामीटर समजत होतो. ती पाण्यात तरंगते आणि खारेपणा दाखवते. मीठ बादलीत आदल्या दिवशी विरघळवून ठेवायचं. स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा. आणि कोळंबी सोलायची नाही, शंखातल्या गोगलगायी द्यायच्या. त्याचे दात नखांसारखे वाढत राहतात, कडक फोडून झिजले नाहीत तर तोंडच उघडेनासं होतं. मधे एका पानावर ती थांबली, हसली, आणि ते पान मला सांगितलं नाही. माशाचं नव्हतं.

रोज कामावरून सुटलो की एक तास तिथे. ती वाचते, मी आपल्या अक्षरात उतरवून घेतो. मग घरी येऊन चौथा भाग पाणी. पाच दिवस काही फरक नाही. कल्ले शंभराच्या वरच. सहाव्या दिवशी मीटरचा आकडा बाहेर गेला आणि मला पहिल्यांदा बरं वाटलं. आठव्या दिवशी शेपूट उघडली. दहाव्या दिवशी पोट करडं, काळं नाही. काल एक छोटी गोगलगाय सोडली. अर्धा तास एका डोळ्याने तिच्याकडे, एका डोळ्याने माझ्याकडे. मग कट्ट. ताई, काच असून आवाज खोलीभर आला.

अजून बरा म्हणवत नाही. खाऊन पुन्हा कोपऱ्यात जातो. बाई वीस तारखेला घरी येणार, तोवर टिकला पाहिजे. मी विचारलं, तुम्ही आल्यावर खोली सोडू का. म्हणाली, वहीचं शेवटचं पान झाल्याशिवाय विचारायचं नाही.

एक काम आहे. ओल्या हातांनी वहीची शिवण सुटली, पानं हातात येतायत. कशी बांधू ते आप्पांना विचार, वहीचं माप मागच्या पानावर काढलंय. मीच विचारलं म्हणून सांग.

माया असू दे.
भिंगरी

ता. ८ मार्च

चि. भिंगरीस,
आप्पांचे आशीर्वाद.

ताईने सांगितलं. न सांगता मला माहीत होतं.

गोंद लावू नकोस. टाकीजवळच्या ओलीत धरणार नाही आणि बुरशी येईल. सुती दोरा घे, मेणबत्तीवर चारदा ओढ. पानं आधी लावून घे. अक्षर कळत नाही तर तारखांच्या आकड्यांवरून लाव. जुन्याच भोकांतून शिव, नवी पाडू नकोस, कागद म्हाताऱ्या माणसाचा आहे. प्रत्येक घडी शिवून झाली की रात्रभर वजनाखाली ठेव, मग दुसरी. एका दिवसात उरकायचं काम नाही हे.

सोबत कोऱ्या कागदांची एक घडी पाठवली आहे, त्याच मापाची, तू पत्राच्या मागच्या पानावर वहीचं माप काढलं होतंस त्यावरून. ती मागे जोड. तू उतरवून घेतलंस ते त्यात लिही. बाईंना विचारून.

छापखान्याच्या मालकाला पट्ट्याचं मी त्याच वेळी सांगितलं होतं. जुना होता, तुटणारच होता.

गोगलगाय फोडली तेव्हा आवाज आला असं लिहिलंस. त्यानंतर किती खाल्ल्या ते लिहिलं नाहीस. रोज एक कार्ड टाकलंस तरी चालेल.

आप्पा