क्लचची चिमणी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

कालच्या क्लचचा खरा खर्च लिहून ठेवतो. गाडी ओढून आणणाऱ्याचे अडीच हजार. तंजावरच्या लग्नाचा चुकलेला मुहूर्त, एक. मागच्या सीटवर टोपलीत कोमेजलेली मोगऱ्याची माळ, चार हात लांब. आणि माझ्या बायकोचं, वेदवतीचं बोलणं — कालपासून बंद. पहिली तीन भरून निघतील.

झालं असं. कुंभकोणमच्या घरून निघालो, गाडी ती चालवत होती. पापनाशमच्या अलीकडे पुलाचा चढ लागला आणि इंजिन ओरडायला लागलं. आवाज वर चढतोय, गाडी मात्र जागची हलत नाही! मी शेजारी. वास यायच्या आधी मी ओळखलं — क्लच घसरतोय. ओळखणारच. पितळेच्या समईला टिचकी मारून आतली भेग कुठे आहे ते सांगणारा माणूस मी. सायकलला समया बांधून दारोदार विकत होतो तेव्हापासून हे कानच माझं भांडवल. दुकान झालं, घर झालं, गाडी झाली, सगळं या दोन कानांवर.

तिथवर ठीक होतं. पुढे मी बोललो. "पेडलवर पाय ठेवून चालवलंस ना? जाळलास क्लच!" मागे अडकलेले बसवाले, टेम्पोवाले उतरून बघतायत. त्यांनाही सांगितलं — तीस वर्षं गाड्या चालवतोय, माझ्या पायाखाली एक क्लच जळला नाही. दोनदा सांगितलं.

तिने गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चपला घातल्या (आम्ही दोघंही अनवाणी चालवतो) आणि किल्ली माझ्या हातात दिली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तिच्या पर्समधली दुसरी किल्लीही आज देवघराच्या खिळ्याला टांगलेली दिसली. आणि वेदवती बसने पापनाशमला, पंकजाअक्काकडे. ही तिची थोरली बहीण. वेदवती दर शुक्रवारी तिला गाडीत घालून कुठे कुठे फिरवते. आज मंगळवार आहे!

५ फेब्रुवारी, बुधवार

सेतूच्या शेडमध्ये गिअरबॉक्स उतरवला. सेतू माझा मेकॅनिक. कमी बोलतो, म्हणून टिकलाय.

त्याने क्लचची प्लेट हातात दिली. झिजून पत्र्यासारखी. ती घासते त्या फ्लायव्हीलवर तापून निळे डाग. रिलीज बेअरिंग फिरवलं तर खरखर — ती मात्र मला त्याच्या आधी ऐकू आली!

"एका दिवसात झालेलं नाही हे, सार," तो म्हणाला. "हळूहळू. कुणाचा तरी पाय पेडलवर टेकून असतो."

"तेच मी म्हणालो!"

"कुणाचा ते मी कशाला सांगू?" असं म्हणून तो हात पुसायला गेला.

मला सांगायची गरजच नव्हती. सात महिन्यांपूर्वी पन्नाशी ओलांडून लायसन्स काढणारी आमच्या घरात एकच आहे.

आता साधा क्लच बसवणार नाही. स्वामीमलैच्या ओतशाळेतून समया भरून आणतो, मागे दोन-अडीचशे किलो असतात. बसवायचाच तर भारी. असा, की कुणी कितीही पाय टेकवो, जळायचा नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जावयाला फोन केला, म्हणजे चूक केली. कार्तिक कोइंबतूरला असतो, गाड्यांचे व्हिडिओ बघतो. "मामा, सिरॅमिक घ्या! शर्यतीच्या गाड्यांना तोच असतो. जळणं शक्यच नाही!" अर्धा तास. शेवटी मी विचारलं, "बाजारपेठेत भाजीवाल्याच्या गाड्यामागे तासभर पहिल्या गिअरवर सरकायचं असेल तर?" "मग धक्के बसतील मामा. सिरॅमिक एक तर पकडतो, नाही तर सोडतो. मधलं त्याला कळत नाही."

मधलं न कळणारी माणसं दुकानात पुरेशी येतात. सिरॅमिक बाद.

सेतू म्हणतो दोन उरले. एक — ट्रकवाले घेतात तसल्या कडक स्प्रिंगचा, भरपूर ओझं ओढणारा. दुसरा — प्रेशर प्लेट आपली नेहमीचीच, पण क्लच प्लेट केव्हलारची, म्हणजे न जळणाऱ्या चिवट धाग्याची. हा दुसरा जास्त टिकतो, पेडल हलकंच राहतं. मात्र पहिले आठशे किलोमीटर त्याला फुलासारखं वागवायचं. ओझं नाही, घाई नाही, चढावर जोर नाही.

माझं मन कडक स्प्रिंगवर. पितळेच्या माणसाला जड वस्तूचा विश्वास वाटतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सेतूकडे एक गाडी आलीय, तिला तोच कडक क्लच. दाबून बघायला गेलो. वेदवतीला मुद्दाम नेलं — म्हटलं, बघू दे मी काय सोसतोय. बाईसाहेब आल्या.

मी दाबला. वा! पायाला कळतं काहीतरी आहे म्हणून. बारा वेळा दाबला. तेराव्याला पोटरीत गोळा आला, तो मी दाखवला नाही.

मग ती बसली. पदर खोचला, पाय ठेवला, दाबला. परत दाबला. खाली उतरली आणि पाच दिवसांनंतर पहिलं वाक्य बोलली, तेही सेतूशी:

"सेतू, हे पेडल आहे की पीठ वाटायचा दगड?"

सेतू हसला. मी हसलो. ती हसली नाही. मग माझ्याकडे वळून, हळूच:

"हा बसवलात तर मी परत चालवणार नाही. चालवताच येणार नाही. मला बसने पाठवायलाच हा क्लच घेताय का? तसं असेल तर सांगा, पास काढते."

घरी आल्यावर तिने कॉफी दिली, डबरा-टंबलर (वाटी आणि पेला) जरा आपटूनच. आवाजावरून सांगतो, डबऱ्याचा काठ चेपलाय.

८ फेब्रुवारी, शनिवार

झोपलो नाही म्हणता येणार नाही, पण लवकर जाग आली.

तिचा शुक्रवार मला डोळ्यांसमोर दिसत होता. दोघी बहिणी, खिडक्या खाली, अक्काच्या मांडीवर चिवड्याचा डबा. परत येते तेव्हा फाटकातूनच बोलायला सुरुवात करते — कोणत्या वळणावर कोणता लॉरीवाला बाजूला झाला, अक्का काय किंचाळली. तीस वर्षं मी चालवायचो आणि ती गोपुरं मोजायची. या सात महिन्यांत ती रस्ता सांगायला लागली. आणि किल्ली खिळ्याला!

समया काय, टेम्पोनेही येतील.

केव्हलार. सेतूला कळवलं. तो म्हणाला, "बरं झालं सार. आणि पहिले आठशे किलोमीटर अम्मा चालवतील. तुम्ही नाही."

"का?"

"त्यांचा हात हलका आहे."

पायाचं बोलायचं सोडून हाताचं बोलला. धूर्त! पण निमित्त चांगलं मिळालं. वेदवतीला निरोप तसाच्या तसा दिला — मेकॅनिकने तूच चालवावी असं सांगितलंय, नाही तर प्लेट बसणार नाही. तिने ताकाला फोडणी देता देता ऐकलं. "सेतूने सांगितलं?" "सेतूने." "मग बघते."

संध्याकाळी खिळा रिकामा!!

१२ फेब्रुवारी, बुधवार

क्लच बसला. चार चाकांखाली चार लिंबं, कापूर, नारळ. वेदवतीने अनवाणी बसून पहिला गिअर टाकला आणि लिंबं चिमटीत धरून फोडल्यासारखी फुटली, एकदम चारी. सेतूच्या शेडमधले सगळे टाळ्या वाजवत होते.

एक गोष्ट मी माझ्या डोक्याने करून घेतली. प्लेट नवी, सवय जुनी — काय उपयोग? सेतूला म्हटलं, पेडलवर पाय टेकला की कळेल असं काहीतरी लाव. त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग ब्रेकलाइटचा एक स्विच क्लच पेडलला बसवला आणि त्याला जोडली चिमणी — गाडी मागे घेताना किलबिलते ना, तीच. पेडल केसभर दबलं तरी चिवचिव. पाय काढला की गप्प.

"ही वाजणार, सार," सेतू म्हणाला. "नक्की वाजणार."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पापनाशमपर्यंत शेजारी बसून गेलो, कान लावून. गिअर बदलताना चिव, मग गप्प. पुन्हा गिअर, पुन्हा चिव. बास. पुलाच्या चढावरसुद्धा एकदाच!

म्हणजे दोन दिवसांत सुधारली. यंत्राचा गुण.

अक्काने मला तिच्या घरीच उतरवून ठेवलं. "भावजी, तुम्ही इथे बसा, जेवा, झोपा. आम्ही येतो." तिरुनीलक्कुडीला गेल्या दोघी. पापनाशमहून म्हणजे कुंभकोणमला वळसा घालून पार पलीकडे! आल्या तिन्हीसांजेला, गजरे माळून, हसून लाल झालेल्या. अक्का म्हणते, चिमणी वाजली की मीही तिच्याबरोबर वाजते.

२३ फेब्रुवारी, रविवार

आठशे किलोमीटर भरायचे म्हणजे मजाच आहे. रोज नवीन देऊळ. काल तिरुवारूर, आज तंजावर — चुकलेल्या लग्नाचा आहेर देऊन आलो, नवं जोडपं गाडीत घालून आइस्क्रीमला नेलं. मी डावीकडे बसून आयुष्यात पहिल्यांदा गोपुरं मोजली. जाताना अकरा. येताना बारा. एक कुठून वाढलं माहीत नाही. वेदवती म्हणाली, "मी तीस वर्षं मोजतेय, माझीही कधी जुळली नाहीत."

५ मार्च, बुधवार

व्यापारी मंडळीत कॉफी. चंद्रमौळीने, माझ्या शेजारच्या भांडीवाल्याने, विचारलं गाडी कशी आहे. चिमणीची सगळी हकीगत सांगितली. असं रंगवलं की कॉफी निवली. "दोनशे रुपयांचं यंत्र, आणि बायकोचा पाय जागेवर! तीस वर्षांत मला लागलं नाही कधी, पण प्रत्येकाच्या घरी एक हवंच." तिघांनी सेतूचा नंबर घेतला.

१५ मार्च, शनिवार

आठशे सात! सेतू म्हणाला, आता भरा समया. सोमवारी मी स्वतः नेणार, स्वामीमलैला. वेदवती म्हणते, "मीही येते. मला ऐकायचंय." काय, ते सांगितलं नाही.

१७ मार्च, सोमवार

घरापासून निघालो. चिमणी वाजली, पहिला गिअर. दुसरा. तिसरा. चौथा. आणि वाजतच राहिली.

बाजारपेठ, चिवचिव. फाटक, चिवचिव. कावेरीवरचा पूल, चिवचिव. मी म्हटलं, सेतूचं वायरिंग बिघडलं. वेदवतीने पापनाशमला फोन लावला आणि पेडलजवळ धरला. पलीकडून अक्काचं हसू मला स्वच्छ ऐकू आलं, कान आहेतच तसे.

स्वामीमलै दिसायला लागल्यावर ती म्हणाली, "डावा पाय उचला बघू."

उचलला. चिमणी गप्प.