रांजण कामून गार होईना

अक्का, धाकट्या जावेचा शरणु, नमस्कार घे.

उद्या सकाळी तुझा रांजण पडवीतून हलवणार आहे. तुला न सांगता हलवला तर मला चैन पडायचं नाही, म्हणून लिहायला बसले. दुसरीतून घरी बसवलेली बाई मी, अक्षरं वाकडी आली तर हसू नको.

तू संक्रांतीनंतर गेलीस. आपल्या लिंगायत रितीनं तुला शेतात मातीत बसवून आलो आणि घरातलं बोलणंच आटलं. पण खरी पंचाईत झाली चैतात. रांजणातलं पाणी गार होईना! सकाळी विहिरीवरून आणून ओतावं, दुपारी प्यावं तर कोमट. तुझ्या वेळी त्याच पाण्यानं दातांना कळ यायची. तीच विहीर, तीच पडवी, तोच रांजण. मग झालं काय?

भावजींनी एकदा तांब्या तोंडाला लावला, तसाच खाली ठेवला आणि ह्यांना म्हणाले, "ती गेली, पाण्याचा गारवा बी घेऊन गेली."

त्या दिवसापासून तुझ्या नवऱ्यानं घरचं पाणी सोडलं, अक्का. जेवताना घोटभर ताक, बस. तसेच उन्हात नांगरटीला जायचे. ओठ फुटले, डोळे आत गेले. एकदा घेरी येऊन नांगराच्या तासातच, सरीतच बसले. बैल गरीब, जागच्या जागी उभे राहिले म्हणून निभावलं. तुझ्या मागोमाग जायचं ठरवलंय की काय, असं मला वाटायला लागलं. मी काय करू? थोरल्या दिराशी तोंड उघडून बोलायचं नाही, ही आपल्या घरची रीत! तू होतीस तोवर मी तुला सांगायची, तू त्यांना. आता मी पडवीच्या खांबाला सांगते, "खांबा, जेवण वाढलंय." आणि भावजी येऊन बसतात. केस पिकले माझे, तरी खांबाशी संसार चाललाय.

माणसाशी बोलता येत नाही, रांजणाला तर हात लावता येतो? म्हणून त्याच्याच मागं लागले. खालची वाळू काढून नवी ओली वाळू घातली. पाणी कोमट. वाऱ्याच्या तोंडाला, दाराशी सरकवला. कोमट. ओलं गोणपाट गुंडाळलं, तर गोणपाट गार आणि पाणी तसंच! शेजारच्या विहिरीचं पाणी आणून पाहिलं. बाजारात कुंभाराशी भांडले, "कच्चा भाजून दिलास." तो म्हणाला, "बाई, इतकी वर्षं गार पाणी पिलाव ते कुणाच्या रांजणातलं?" गप आले घरी.

आमचे हे तर त्याहून शहाणे. कामाला गुलबर्ग्याला गेले होते, तिथून बर्फ घेतला. भुसा घालून पोत्यात बांधला आणि सर्विस मोटारीच्या टपावर ठेवला. घरी पोचले ते ओलं पोतं घेऊन! मी म्हटलं, "पिळून देऊ का तुमच्या भावाला?"

तुझाही राग आला मला, खरं सांगते. रांजण तू नारळाच्या शेंडीनं बाहेरून घासायचीस, ते कामून, हे कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. मला वाटायचं, बाईला स्वच्छतेचं वेड आहे.

परवा उजाडताना धारेला उठले. पडवीत बघते तर भावजी रांजणापुढं उकिडवे बसलेले. हातात चिंधी, शेजारी करडईच्या तेलाची वाटी. मोटेच्या कातड्याला लावतात, बैलांच्या शिंगांना लावतात, तसं तुझ्या रांजणाला तेल चोळायलेत! हळूहळू, पोटावरून, गळ्यावरून.

माझ्या डोक्यात लख्ख पडलं, आणि रीत गेली चुलीत. "भावजी! काय करायलाव हे?"

त्यांच्या हातची चिंधी पडली. आणि अक्का, ते माझ्याकडं बघून नाही, खांबाकडं बघून बोलले! "तिनं जाताना सांगितलं, रांजण जपा म्हणून. बाहेरून पाझरायलाय. उद्या तडकला तर?"

"पाझरायलाच पाहिजे की! पाझरतो म्हणून तर पाणी गार ऱ्हातंय. अक्का घासून मोकळी ठेवायची ती भोकं तुम्ही तेलानं बुजवून टाकलाव!"

त्यांनी तेलाची वाटी लांब सरकवली. मग विचारलं, "म्हंजे, ती रागावून गेली म्हणून न्हाई?"

किती महिने हे पोटात घेऊन हिंडत होते ते? मी म्हटलं, "रागावून पाणी तापवणारी बाई हाय का ती? रागावली असती तर तोंडानं सांगितली असती. पार गल्लीला ऐकू गेलं असतं."

हसले गं. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

राख, शिकेकाई, कढत पाणी, सगळं करून पाहिलं. मुरलेलं तेल निघत नाही. भावजी स्वतः हिप्परग्याच्या बाजारात गेले. नवा रांजण टिचकी मारून, कान लावून पारखून आणला. पहिलं पाणी मातकट लागतं, ते दारच्या लिंबाला घातलं. तुझ्या रांजणात बियाण्याची तूर राखेत घोळून भरणार आहे. तेल पिलेल्या मातीत किडा शिरत नाही. फोडणार नाही मी तो, जीव घाबरा करू नको.

पण एवढ्यानं भागलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. 'जपा' एवढंच म्हणून गेलीस, आणि तेही त्यांना! पाणी कोण भरतंय या घरात? मला सांगायचं नव्हतं होय?

आज दुपारी भावजी नांगरटीवरून आले. खांबाकडं बघितलं नाही. सरळ म्हणाले, "नीलव्वा, पाणी दे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं त्यांनी. नव्या रांजणातलं गार पाणी दोन तांबे पिले, तिसरा तोंडावर मारला.

तेव्हा अक्का, शब्द देते. मागतील तेव्हा देईन. न मागता उन्हातून आले, तर समोर उभी राहून, तोंडावर बोलून पाजीन. गल्लीला ऐकू गेलं तरी चालेल.

तुझी धाकटी,
नीलव्वा