खालचं टोक

९ फेब्रुवारी, सोमवार

हृदयाचं ऑपरेशन होऊन घरी आले. छातीच्या हाडाला तारा घातल्यात म्हणे. वरून चीर, गळ्याच्या खाचेपासून थेट पोटाच्या सुरुवातीपर्यंत. जन्मभर बायकांचे कपडे बेतले, कातर चालवली. आता कोणीतरी माझ्यावरच चालवली! आरशात पाहिलं. शिवण सरळ आहे. डॉक्टरांचा हात बसलेला आहे, मान्य करायला हवं.

दवाखान्यातून निघताना जखमेचं बघणाऱ्या सिस्टर सूचना देत होत्या. रोज साबणाच्या पाण्यानं हलकं धुवा, टिपून कोरडं करा. हात डोक्याच्या वर नको, बादली उचलायची नाही. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरा. आणि म्हणाल्या, पुढून उघडणारी, आधार देणारी ब्रा दिवसरात्र घाला, नाहीतर वजनानं जखमेचं खालचं टोक ओढलं जातं. चिरंजीव शेजारीच उभे. ते एकदम छताकडे बघायला लागले. लिफ्ट दुरुस्त करतात ना, तिथं बिघाड दिसला असेल! मीही "हो हो, आहे घरी" म्हणून विषय मिटवला.

घरी नाही. आहेत त्या सगळ्या मागून लागणाऱ्या, आणि हात मागे जात नाही. त्याला कोणत्या तोंडानं सांगू, दुकानात जाऊन घेऊन ये म्हणून?

१० फेब्रुवारी, मंगळवार

रोज सकाळी सिस्टरना जखमेचा फोटो पाठवायचा आहे. चिरंजीव मोबाइल घेऊन आले, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मी गाऊनची वरची तीन बटणं काढली. त्यांनी फोटो काढला आणि धूम ठोकली. स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं — सिस्टर म्हणतात, छान भरतंय.

वरचं भरतंय. खालचं मला एकटीलाच दिसतं, तेही वाकून.

११ फेब्रुवारी, बुधवार

शिंक आली. उशी हाताशी नव्हती. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ह्यापेक्षा टेबलावरच संपले असते तर सुटले असते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

खालच्या टोकाला ओल आहे. गाऊन चिकटला होता. हळूच सोडवला, पिवळट डाग. घाम असेल म्हणून स्वतःची समजूत घातली. घाम असा चिकट नसतो, हे मला कळतं.

शिलाईच्या पिशवीतून अस्तराची मऊ चिंधी काढली, घडी करून खाली ठेवली. मग तीन बटणं, फोटो, "छान". आमचा रोजचा कार्यक्रम.

माप देताना लाजणाऱ्या बायकांना मी किती वेळा दटावलं असेल. "हात वर करा, मी काय पहिल्यांदा बघतेय का?" तेव्हा बोलायला माझं काय जात होतं!

१४ फेब्रुवारी, शनिवार

समोरच्या घरातली बघायला आली होती. "नशीब काढलंत हो, मुलगा इतकं करतो. आमचा असता तर नर्स ठेवून मोकळा झाला असता." हिलाच सांगावं, असं ओठावर आलं होतं. मग आठवलं, हिला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. वर तिनं जाता जाता सांगितलं की तिच्या मावसभावाची जखम चिघळली, छाती परत उघडावी लागली, महिनाभर तिकडेच. माणूस बघायला येतो की घाबरवायला?

ती गेल्यावर आधी चिंधी बदलली.

१५ फेब्रुवारी, रविवार

स्पष्टच लिहिते, इथं कोण वाचणार आहे. मला परत तिथं जायचं नाही. शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी होती. ओरडता येत नव्हतं, हात बांधलेले होते. कोणीतरी सारखं म्हणत होतं, "आजी, शांत राहा." मी आत किंचाळत होते. परत ती नळी घालणार असतील तर नको मला हे दुरुस्त केलेलं हृदय.

आज त्यानं माझे केस धुतले. खुर्ची बेसिनला पाठ करून ठेवली, मानेखाली टॉवेल. "आई, पाणी फार गरम नाही ना?" इतक्या हळू हातानं की मला रडू आलं. वेणी मात्र दोरखंड वळावा तशी घातली. केसांना हात लावायला त्याला काही वाटत नाही. गाऊनच्या चौथ्या बटणाशी आम्ही दोघंही थांबतो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

म्हटलं, आपला हात जगन्नाथ. तो औषधं आणायला गेला तेव्हा जुना अभ्रा काढला, पुढून हूक लागतील अशी पट्टी बेतली. मोठी कातर चालवली आणि छातीत कट्ट झालं. हाडात. आता कूस बदलली तरी दोन्ही बाजू एकमेकींवर घासतात, मला जाणवतं.

कापड पलंगाखाली सारलं. त्यानं विचारलं, "पांढरी का पडलीस?" म्हटलं, झोप झाली नाही. तो म्हणाला, "आई, लोड घेऊ नकोस. तुझी वायरिंग नवीन आहे." हसले. हसतानाही कट्ट.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ताप. थर्मामीटर त्याच्या हातात देण्याआधी झटकून पारा उतरवला.

"कसला वास येतोय का गं?" म्हणाला. म्हटलं, मलमाचा. देवा, मी कोणाला फसवतेय? चिंधी आता तासातासाला बदलावी लागते. धुवायला आता स्टुलावर बसते. मोठ्या लेकीचा परदेशातून फोन आला होता. फोन त्याच्या हातात, स्पीकरवर. ती म्हणाली, आवाज बरा वाटतोय. तिला फक्त सांगायचं होतं, बाई गं, ये.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी थंडी भरून आली, दात वाजायला लागले. पलंगावरून उठता येईना. तो मोबाइल घेऊन आला. मी सगळी बटणं काढली. वेळ लागला. तो थांबला होता. चिंधी उचलली.

त्यानं तोंड फिरवलं नाही. तो खाली फरशीवर बसला आणि माझे पाय धरून राहिला. मग उठून अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. पत्ता सांगताना आपल्याच घराचा मजला चुकला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखाना. उद्या सकाळी छाती परत उघडणार.

जखमेच्या सिस्टर आल्या होत्या. माझ्यासमोरच त्याला म्हणाल्या, "मी रोज लिहीत होते, खालचं टोक दाखवा. तुम्ही रोज लिहायचात, खाली ठीक आहे. तुम्ही बघितलं तरी होतं का?"

तो मान खाली घालून म्हणाला, "नाही. आईला कसं सांगणार होतो?"